तुमचं ठिकाण नकाशावर का चढत नाही: मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मी परळला राहतो आणि गेली आठ-नऊ वर्षं फावल्या वेळात ऑनलाइन नकाशांवर ठिकाणं टाकतो. पगार नाही, मानधन नाही. घरचे याला रिकामटेकडेपणा म्हणतात. पण आमच्या भागातल्या दुकानदारांना, डबे करणाऱ्या काकूंना आणि मंडळाच्या पोरांना हे कळल्यापासून दर आठवड्याला एक तरी स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर येतो: "दादा, बघ ना, परत नाकारलं." तीच ती उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून सगळी इथे एकत्र लिहून ठेवतोय. बहुतेक उत्तरं गूगल मॅप्सला धरून आहेत, कारण विचारणारे बहुतेक तेच वापरतात. ओपनस्ट्रीटमॅप आणि मॅपल्स या दुसऱ्या दोन नकाशांबद्दल शेवटाकडे आहे.

दुकान माझ्या डोळ्यांसमोर आहे. मग 'स्वीकारलं नाही' असं का येतं?

तुमच्या डोळ्यांसमोर आहे, तपासणाऱ्याच्या नाही. त्याच्यापुढे काय असतं? तुम्ही लिहिलेलं नाव, तुम्ही टाकलेली पिन, असलाच तर एखादा फोटो. शिवाय त्याच्याकडे आधीपासून असलेली सामग्री: उपग्रहाचं चित्र, रस्त्यावरून फिरलेल्या गाडीने टिपलेले फोटो, वेबसाइट, इतरांनी पूर्वी भरलेली माहिती. तुमचं म्हणणं यातल्या कशाशी तरी जुळलं तर गाडी पुढे सरकते. जुळलं नाही तर ते खोटं ठरतं असं नाही, फक्त खात्री पटत नाही. आणि खात्री पटली नाही की उत्तर 'नाही' असंच येतं. नाकारलं जाणं मनाला लावून घेऊ नका, हे मी सगळ्यांना पहिल्यांदा सांगतो.

माझंच उदाहरण देतो. आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. आई मला गव्हाचा डबा देऊन तिथे पिटाळायची, तेव्हापासूनची. ती मी टाकली आणि तीन वेळा परत आली. पहिल्या वेळी मी घरी पंख्याखाली बसून टाकली होती, पिन पडली समोरच्या बिल्डिंगवर. दुसऱ्या वेळी नाव लिहिलं नुसतं 'पिठाची गिरणी'. हे नाव नव्हे, हा धंदा झाला. तिसऱ्या वेळी फोटो जोडला, पण बोर्डावर इतक्या वर्षांचं पीठ साचलं होतं की एक अक्षर वाचता येईल तर शपथ. चूक तिन्ही वेळा माझीच. शेवटी गिरणीवाले काका स्टुलावर चढले आणि त्यांनी पंच्याने बोर्ड पुसून काढला. खालून हिरव्या अक्षरांत पूर्ण नाव निघालं, दळणाच्या वेळा निघाल्या आणि कोपऱ्यात एक सहा आकडी फोन नंबरही निघाला. मी रस्ता ओलांडून पलीकडून फोटो घेतला. शटर, बोर्ड, शेजारचं सायकलचं दुकान, सगळं एका चौकटीत. त्याच रात्री गिरणी चढली.

हे तपासतं कोण? माणूस की मशीन?

दोन्ही, पण पहिली चाळणी मशीनची. बरीचशी ठिकाणं माणसापर्यंत पोचतच नाहीत. काही मिनिटांत होकार किंवा नकार आला तर तो मशीनचा, असं खुशाल समजा.

पूर्वी असं नव्हतं. गूगलने २००८ मध्ये 'मॅप मेकर' नावाचं साधन काढलं होतं. लोक रस्ते, बिल्डिंगी, दुकानं काढायचे आणि जुनेजाणते लोक एकमेकांची कामं तपासून मंजूर करायचे. भारताच्या नकाशावरच्या कितीतरी गल्ल्या अशा हौशी लोकांनी काढलेल्या आहेत. मग एप्रिल २०१५ मध्ये रावळपिंडीजवळच्या नकाशावर एक चित्र झळकलं: अँड्रॉइडचा हिरवा रोबो ॲपलच्या लोगोवर लघवी करतोय. जगभर हसू झालं आणि मे महिन्यात मॅप मेकर थांबवावं लागलं. ऑगस्टमध्ये ते परत सुरू झालं, पण मार्च २०१७ मध्ये कायमचं मिटलं. एका टवाळाची मस्करी सगळ्यांना भोवली, असं मला अजूनही वाटतं. त्यानंतर सगळा कारभार लोकल गाइड्स (गूगल मॅप्सवर फुकटात माहिती भरणारे माझ्यासारखे हौशी लोक) आणि मशीनच्या चाळणीकडे गेला.

चाळणी बारीक का, हेही समजून घ्या. एकट्या २०२३ मध्ये गूगलने १७ कोटींहून जास्त नियमबाह्य रिव्ह्यू आणि सुमारे १ कोटी २० लाख खोट्या बिझनेस प्रोफाइल (धंद्याच्या नावाने उघडलेल्या नोंदी) अडवल्याचं किंवा काढून टाकल्याचं स्वतःच सांगितलं आहे. एवढ्या लोंढ्यात तुमचं खरंखुरं झेरॉक्सचं दुकान वाहून जाणं अगदी शक्य आहे.

कारण का सांगत नाहीत?

नेमकं कारण सांगितलं तर खोटी दुकानं टाकणारे पुढच्या वेळी तेवढंच दुरुस्त करून येतील. मला हे पटतं, पण रागही येतो.

किती दिवस वाट बघायची?

कधी पाच मिनिटं, कधी तीन आठवडे. ॲपमध्ये तुमच्या प्रोफाइलवर जाऊन दुरुस्त्यांची यादी उघडा. तिथे प्रत्येक ठिकाणापुढे ते प्रलंबित आहे, मंजूर झालं की नाकारलं ते दिसतं. प्रलंबित असताना तेच ठिकाण पुन्हा टाकू नका. भावाच्या फोनवरून तर मुळीच नको. एकाच जागी, एकाच वाय-फायवरून, तासाभरात तीन जणांनी तेच दुकान टाकलं की मशीनला ती टोळी वाटते. लालबागच्या एका मिठाईवाल्याने उत्साहाच्या भरात दुकानातल्या पाचही पोरांना कामाला लावलं होतं. पाचही नाकारली गेली. महिनाभर थांबून त्याने एकट्याने टाकलं, तेव्हा कुठे जमलं.

पिन तर बरोबर टाकली होती. मग चूक कसली?

मुंबईत पिन बरोबर पडणं ही नशिबाची गोष्ट आहे. मोकळ्या आभाळाखाली साधा स्मार्टफोन साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो. पण आपल्याकडे मोकळं आभाळ आहे कुठे? टॉवरच्या काचांवर सिग्नल आपटून येतो, फ्लायओव्हरखाली तो मिळत नाही, आणि चाळीच्या आतल्या चौकात उभे राहिलात तर निळा ठिपका मागच्या गल्लीत जाऊन बसतो. पाच मीटरात आपल्याकडे तीन गाळे मावतात. म्हणजे तुमचं सलून शेजारच्या केमिस्टच्या डोक्यावर.

त्यामुळे निळ्या ठिपक्यावर विसंबू नका. नकाशा उपग्रह चित्रावर घ्या, बोटांनी पूर्ण मोठा करा, छप्पर ओळखा आणि पिन हाताने ओढून रस्त्याच्या बाजूच्या कडेवर ठेवा, म्हणजे जिथून गिऱ्हाईक आत शिरतं तिथे. छपराच्या मधोमध नको, रस्त्याच्या मधोमध तर नकोच. रस्त्यात पडलेली पिन हे मी पाहिलेल्या नकारांमधलं सगळ्यात मोठं कारण आहे.

कुणी आकडे मागितले तर: अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हानंतर चार आकडे दिले की साधारण ११ मीटरचा फरक धरता येतो, पाच दिले की १ मीटरच्या आसपास. दुकानासाठी पाच द्या. (एक फुकटची माहिती: १९ अंश उत्तर अक्षांशाची रेषा लोअर परळ आणि प्रभादेवी स्टेशनांच्या मधून जाते. रोज लोकलने ती ओलांडणाऱ्यांना याचा पत्ताही नसतो.)

पत्ता काय लिहू? आमच्याकडे सगळे 'बँकेच्या मागे' असंच सांगतात.

सांगताना तेच बरोबर आहे, रिक्षावालाही तेच विचारतो. पण पत्त्याच्या चौकटीत ते घातलं की मशीन गोंधळतं. तिथे गाळा क्रमांक, बिल्डिंगचं नाव, रस्त्याचं नाव, भाग आणि पिनकोड एवढंच लिहा. 'बँकेच्या मागे, मारुतीच्या देवळासमोर' हे वर्णनात किंवा फोटोखाली जाऊ द्या.

पिनकोड ही दुसरी खोड. दादर पश्चिमेला ४०००२८, पूर्वेला ४०००१४. परळ-लालबागला ४०००१२, डिलाईल रोडला ४०००१३, प्रभादेवीला ४०००२५. रस्ता ओलांडला की आकडा बदलतो. पण दुकानदार सवयीने जुन्या घराचा पिनकोड लिहितो, पिन एका भागात आणि पत्ता दुसऱ्या भागात पडतो, आणि नकार येतो.

खुणाही जुन्या होतात. एकाने पत्त्यात 'दादर मध्य, प्लॅटफॉर्म एकच्या बाहेर' असं लिहिलं होतं. डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या बाजूचे आकडे ८ पासून सुरू होतात, त्यामुळे एक नंबर आता पश्चिम रेल्वेकडे. त्याचं दुकान लोक उलट्या बाजूला शोधत राहिले. तसंच एल्फिन्स्टन रोडचं. स्टेशनचं नाव जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, तरी बोर्डावर, बिलावर आणि तोंडात एल्फिन्स्टनच. पत्त्यात चालू नाव लिहा. जुनं नाव शोधात आपोआप सापडतं.

नाव कसं लिहायचं? मराठीत की इंग्रजीत?

बोर्डावर आहे तसं. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत असाव्यात हा नियम २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. राजकारण सोडा, आम्हा नकाशावाल्यांना त्याचा फायदा झाला. आता बोर्डाच्या फोटोत देवनागरी नाव ठसठशीत दिसतं. ॲपची भाषा मराठी ठेवून मराठी नाव भरा. इंग्रजी नाव बोर्डावर असेल तर ते नंतर वेगळी दुरुस्ती म्हणून द्या. दोन्ही एकाच चौकटीत, मध्ये तिरकी रेघ मारून कोंबू नका.

आणि कृपा करून नावात जाहिरात करू नका. 'श्रीकृपा पोळीभाजी केंद्र' हे नाव झालं. 'श्रीकृपा पोळीभाजी केंद्र दादरमधील नंबर १ घरगुती डबा फ्री होम डिलिव्हरी' हे नाव नाही, हे भोंगा लावून फिरणं आहे. फोन नंबर, इमोजी, 'प्रोप्रा. अमुक तमुक' हेही नावात नको. दुकानदार मला म्हणतात, "अरे, शेजारच्याने टाकलंय, त्याचं चालतंय की!" चालतंय, कुणी तक्रार करेपर्यंत. नंतर अख्खी प्रोफाइलच लटकते.

मी घरून डबे देते. घराचा पत्ता जगाला दाखवायचा नाही. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त बायकांकडून येतो आणि त्यांचं बरोबर आहे. राहतं घर सार्वजनिक ठिकाण म्हणून टाकायचं नसतं, ते नाकारलं जातं आणि जायलाच हवं. गिरगावात दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पुरणपोळ्या करणाऱ्या एका ताईंनी चाळीचं नाव, मजला, खोली नंबर सगळं भरलं होतं. मी त्यांना विचारलं, "रात्री अकरा वाजता अनोळखी माणूस 'पोळ्या आहेत का' म्हणत दारात आला तर चालेल?" त्यांनी तिथल्या तिथे ते खोडलं.

तुमच्यासाठी वेगळा रस्ता आहे. गूगलवर बिझनेस प्रोफाइल उघडा आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नाही, तुम्ही त्याच्याकडे जाता किंवा पोचवता असं सांगा. मग पत्ता लपतो आणि कोणत्या भागात डबा देता तेवढंच दिसतं: गिरगाव, ग्रँट रोड, चर्नी रोड वगैरे. पडताळणीसाठी पत्ता गूगलला द्यावा लागतो, पण तो लोकांना दिसत नाही. शिकवणीवाले, प्लंबर, एसी दुरुस्तीवाले यांनाही हेच लागू.

वडापावची गाडी टाकता येते का?

गाडी रोज त्याच जागी, ठरलेल्या वेळेला उभी राहत असेल, तिला नाव असेल आणि बोर्ड असेल तर टाका. मुंबईत अशा भरपूर गाड्या नकाशावर आहेत. नाव नसेल तर पंचाईत. 'वडापाव' एवढ्याच नावाने टाकलेली गाडी नाकारली जाणार, कारण अशा गाड्या दर नाक्यावर आहेत. टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या मासेवाल्या मावशी नकाशावर येऊ शकत नाहीत, पण त्या ज्या मच्छी बाजारात बसतात तो बाजार येऊ शकतो. वैयक्तिक मत सांगू? नाव नसलेल्या गाडीचा वडा चांगला असतो. ती नकाशावर नसलेलीच बरी.

गणपतीचा मंडप का नाकारला?

दहा दिवसांचा म्हणून. तात्पुरती जागा, एका दिवसाचं रक्तदान शिबिर, दिवाळीचा फटाक्यांचा स्टॉल, हे ठिकाणात मोडत नाही. पण मंडळाचं कायमचं कार्यालय असेल, खोलीवर पाटी असेल, वर्षभर कुणीतरी बसत असेल, तर मंडळाची ती जागा टाका आणि मंडपाचे फोटो तिथे चढवा. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ पासून चालू आहे. चाळ कायमची आहे, म्हणून तिला नकाशावर जागा मिळते. मंडप दरवर्षी नवा. मंडळाच्या पोरांना हे समजावताना मला दोनदा चहा प्यावा लागला, तरी एकजण शेवटपर्यंत म्हणत होता, "पण आमचा राजा दरवर्षी तिथेच बसतो!"

आमची चाळ पाडली, दुकान ट्रान्झिटला (तात्पुरत्या जागेत) गेलं. आता नवीन टाकू का?

थांबा, नवीन टाकू नका. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहतायत. उपनगरांत तर प्रत्येक गल्लीत एक सोसायटी पत्र्याआड गेलीय. दुकानं हलतात आणि प्रत्येकजण नवीन जागी नवीन पिन टाकतो. जुनी पिन तशीच राहते, तिच्यावरचे दहा वर्षांचे रिव्ह्यू तिथेच अडकतात आणि नवीन पिन डुप्लिकेट म्हणून नाकारली जाते.

बरोबर पद्धत अशी: जुनं ठिकाण उघडा, दुरुस्ती सुचवा, पिन नवीन जागेवर ओढा, पत्ता बदला, नवीन जागेचा फोटो द्या. नवीन जागा नक्की नसेल तर 'तात्पुरतं बंद' करा. 'कायमचं बंद' हे बटण कुणी घाईत दाबलं तर ते मागे फिरवायला फार नाकदुऱ्या काढाव्या लागतात.

बिल्डिंगचं किंवा सोसायटीचं नाव मात्र टाकता येतं, आणि टाकावं. डिलिव्हरीवाल्या पोरांचे शिव्याशाप कमी होतात. तुमचा स्वतःचा फ्लॅट मात्र नाही.

'आधीच अस्तित्वात आहे' असं येतंय, पण मला तर दिसत नाही!

नकाशा एका वेळी सगळी नावं दाखवत नाही. दाटीवाटीच्या बाजारात तर निम्मी लपलेली असतात. फोन नंबराने शोधा, बिल्डिंगच्या नावाने शोधा, नावाचं दुसरं स्पेलिंग करून बघा. 'गणपती' इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिलेला सापडतो. बऱ्याचदा निघतं असं की त्या गाळ्यात पूर्वी कॅसेटचं दुकान होतं आणि ते नकाशावर अजून जिवंत आहे. आधी त्याला बंद दाखवा, ते मंजूर होऊ द्या, मग आपलं टाका.

फोन नंबर बदलायला गेलो की हटकून अडतं. का?

आपल्याकडेच घडलेलं आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्र सायबर पोलिसांपुढे अशा तक्रारी आल्या की भामट्यांनी गूगल मॅप्सवर बँकेच्या शाखेचा नंबर काढून तिथे स्वतःचा टाकला होता. लोक बँक समजून फोन करायचे आणि कार्डाचा पिन, मागचे तीन आकडे सांगून मोकळे व्हायचे. तेव्हा बँक, दवाखाना, गॅस एजन्सी, कुरिअर यांचा नंबर बाहेरच्या माणसाने बदलला की संशयाने बघितलं जाणारच. नंबर मालकाने स्वतःच्या प्रोफाइलमधून बदलावा, हे सगळ्यात सोपं.

मालक म्हणून पडताळणी कशी होते? एजंट पैसे मागतोय.

पैसे कशाचेच लागत नाहीत. आमच्याकडच्या एका शिंप्याकडून 'मी गूगलचा माणूस' म्हणत आलेल्या एकाने चार हजार घेतले, स्वतःच्याच ईमेलवर प्रोफाइल उघडली आणि नंतर दर वर्षाला पैसे मागू लागला. ती प्रोफाइल परत मिळवायला दोन महिने गेले. ईमेल तुमचा, फोन तुमचा, पासवर्ड तुमच्याकडे, हे पक्कं ठेवा.

हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. न थांबवता एकाच झटक्यात काढायचा: आधी रस्ता आणि शेजारची दुकानं, मग बोर्ड, मग स्वतःच्या किल्लीने शटर उघडताना, मग आतलं सामान, गल्ला. शिंप्याने शिलाई मशीन आणि मापांची वही दाखवली. गुमास्ता लायसन्स भिंतीवर असेल तर त्यावरून कॅमेरा फिरवा. कामगार थोडेच असतील तर तुमच्याकडे नोंदणीच्या जागी सूचना दिल्याची पावती असेल, तीही चालते. चेहरे टाळा. बोर्डच नसेल तर आधी बोर्ड करा, फ्लेक्सचा का होईना, पण नीट खिळून लावलेला.

सरकारी किंवा लष्करी जागा?

पोस्ट, रेशन ऑफिस, महापालिकेची शाळा जरूर टाका. नौदलाच्या, अणुऊर्जेच्या हद्दीतलं काही टाकू नका. २०१३ मध्ये गूगलने भारतात 'मॅपेथॉन' भरवलं होतं. त्यावर सर्व्हे ऑफ इंडियाने तक्रार केली आणि प्रकरण सीबीआयच्या प्राथमिक चौकशीपर्यंत गेलं. २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे काढणं बरंच मोकळं केलं, पण संवेदनशील जागांची माहिती दाखवण्यावर बंधनं राहिलीच.

माझी लेव्हल कमी आहे म्हणून नाकारतात का?

थोडाफार फरक पडतो, असा माझा अनुभव. लोकल गाइड्समध्ये दहा लेव्हल आहेत. नवीन ठिकाणाला १५ गुण, रिव्ह्यूला १०, फोटोला किंवा दुरुस्तीला ५. पण लेव्हल म्हणजे पास नव्हे. मोठी लेव्हल असूनही माझी गिरणी तीनदा परत आली, हे वर लिहिलंच आहे. नवीन खात्यावरून पहिलंच काम म्हणून नवीन दुकान टाकू नका. आधी आठवडाभर आजूबाजूच्या ठिकाणांच्या वेळा, फोटो, पत्ते नीट करा. गुणांसाठी स्टेशनबाहेरची प्रत्येक टपरी टाकत सुटणारेही आहेत. त्यांच्यामुळे बाकीच्यांचं नाव खराब होतं.

ओपनस्ट्रीटमॅपवर टाकलं तर?

तिथे मंजुरीची रांगच नाही. २००४ पासून चालू असलेला हा लोकांचा नकाशा आहे. खातं उघडा, टाका, जतन करा, झालं. पण नंतर दुसरा कुणी तपासतो आणि चुकीचं असेल तर मागे फिरवतो. नियम साधा: जागेवर जाऊन जे दिसतं ते टाका. गूगल मॅप्सवरून बघून उतरवलेलं चालत नाही, परवान्याचा प्रश्न येतो. जाहिरातबाजी तिथेही उडते. मला तो आवडतो तो एका कारणासाठी: मराठी नाव वेगळ्या रकान्यात नीट लिहिता येतं आणि सार्वजनिक नळ, पार, चाळीतली विहीर असल्या गोष्टींनाही तिथे जागा आहे. मात्र तिथे टाकलं म्हणून गूगलवर येईल, असं नाही.

मॅपल्स आणि डिजिपिन?

मॅपल्स हा मॅपमायइंडियाचा नकाशा, त्यावरही ठिकाण सुचवता येतं. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन अक्षरं आणि आकडे मिळून दहा चिन्हांचा आहे आणि तो साधारण ४ बाय ४ मीटरचा चौकोन दाखवतो. तो जागेचा सांकेतिक क्रमांक आहे, दुकानाची नोंद नव्हे. पण झोपडपट्टीत किंवा चाळीत पत्ता सांगताना कामाला येतो.

सगळं केलं, तरी नकार. आता?

महिनाभर सोडून द्या. मग एकेक गोष्ट तपासा: पिन, नाव, प्रकार. प्रकार बऱ्याचदा चुकतो. खानावळीला 'हॉटेल' टाकलं की नकाशा तिला लॉज समजतो, आणि फोटोत बिछाने दिसत नाहीत. पोळीभाजी केंद्राला 'जेवण घेऊन जाण्याचं ठिकाण' हा प्रकार बरा. फोटो तिथे उभं राहून, लोकेशन चालू ठेवून, दिवसाउजेडी काढा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो वापरू नका. नंतर एखाद्या खऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्या फोनवरून टाकायला सांगा. त्याने फोटो जोडला आणि ते त्याचं स्वतःचं म्हणणं असेल, तर बऱ्याचदा मंजूर होतं.

एकदा चढलं की काम संपलं ना?

आमच्या गिरणीचं ऐका. काका दरवर्षी गणपतीला गावी, मालवणकडे जातात. पंधरा-वीस दिवस शटर बंद. दोन वर्षांपूर्वी कुणा भल्या माणसाने बंद शटर बघून 'कायमचं बंद' असं सुचवलं आणि ते मंजूरही झालं. चढवायला तीन नकार लागले होते, उतरवायला एक अनोळखी माणूस पुरला. काका परतले तेव्हा नेहमीची दोन गिऱ्हाइकं दळण घेऊन दुसरीकडे गेलेली. मी चालू गिरणीचा फोटो काढला: जात्याखालचा पांढरा ढग, ओळीने ठेवलेले डबे, डब्यांवर खडूने लिहिलेली आडनावं. चार दिवसांनी ती परत उघडी झाली.

आता काका गावी निघाले की शेजाऱ्याकडे किल्ली देतात आणि मला खालून हाक मारतात: "अरे, वीस तारखेला येतोय. नकाशात लिहून ठेव."